बॉनेटची साल

"बाबा रविवारी येतायत," फोन ठेवत बायको म्हणाली. "आणि म्हणाले, गाडी कशी ठेवलीय तेही एकदा बघतो."

भूगोलाच्या सरांनी तोंडाला लावलेला कप परत बशीत ठेवला. लोक लेकीला भेटायला येतात, नातवंडांना बघायला येतात. सासरे गाडीची तपासणी करायला येणार होते. त्यात वावगं काही नव्हतं, कारण गाडी मुळात त्यांचीच. ते मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले होते खरे, पण निवृत्त झाली ती नोकरी. मुख्याध्यापक अजून कामावरच होता. गुडघ्यांनी संप पुकारल्यावर त्यांनी गाडी लेकीकडे दिली, आणि किल्ली हातावर ठेवताना सरांना म्हणाले, "जावईबापू, मुलगी देताना मी काही बोललो नाही. गाडी देताना बोलतो. जपा."

लग्न झाल्यापासून त्यांनी जावयाबद्दल एकही बरा शब्द काढला नव्हता. वाईटही काढला नव्हता. 'बघू पुढे कसं काय' असा शेरा मारून प्रगतिपुस्तक बाजूला ठेवावं, तसं त्यांनी सरांना ठेवलं होतं. आणि आता ते पुस्तक रविवारी उघडणार होतं.

सरांनी खिडकीतून खाली पाहिलं. बॉनेटवर रंगावरचा पारदर्शक थर, ज्याला गाडीवाले क्लिअर कोट म्हणतात, तो जागोजागी सुटला होता. पांढुरक्या कडांची बेटं, मधे एक मोठं द्वीपकल्प आणि दिव्याच्या वर एक छोटासा द्वीपसमूह. हा नकाशा दुसऱ्या कुणाच्या गाडीवर असता तर सरांनी कौतुकाने पाहिला असता.

गाडीची हेळसांड झाली होती म्हणावं, तर तसंही नव्हतं. उलट माया जास्त झाली होती. बायको दर आठवड्याला गाडी भांड्यांच्या पावडरने आणि घासणीने घासायची, कारण माहेरी कुठलीही वस्तू खसाखसा घासल्याशिवाय धुतली असं कुणी मानत नसे. झाडाखाली पक्षी घाण करतात म्हणून सर शाळेत गाडी भर उन्हात लावायचे. वरून ऊन आणि आतून इंजिन, अशी दोन्हीकडून शेकली जाऊन बिचाऱ्या थराने धीर सोडला. त्यात सुटलेली कड दिसली की माणसाचं नख आपोआप तिकडे जातं. शाळेचा शिपाई गप्पा मारता मारता एक तुकडा काढायचा. मुलं येता-जाता काढायची. खुद्द सरांनी एकदा एका पालकाशी बोलताना तळहाताएवढी साल काढली होती, आणि ती संध्याकाळी त्यांच्याच खिशात निघाली.

"मेकॅनिककडे नेऊन या ना," बायको म्हणाली.

मेकॅनिकने गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली, सगळी गाडीच रंगवावी लागेल म्हणाला आणि आकडा सांगितला. सर म्हणाले, "विचार करून सांगतो." या वाक्याचा अर्थ दोघांनाही ठाऊक होता.

तिथून ते रंगाच्या दुकानात गेले. दुकानदार जांभई आवरत म्हणाला, "साल परत चिकटत नाही, साहेब. सुटली ती सुटली. सगळ्या सैल कडा घासून काढा, बोटाला कड लागता कामा नये. मग पुसा, सुकवा, आजूबाजूचं झाका आणि क्लिअर कोटचा स्प्रे मारा. पातळ हात मारायचे, मधे थांबायचं. घाई केलीत की ओघळ आलेच."

"म्हणजे तेवढ्या तुकड्यापुरतंच मारलं तर चालेल ना?"

"करून बघा," तो म्हणाला आणि न विचारता स्प्रेचे एकाऐवजी दोन डबे काढून ठेवले.

शनिवारी सकाळी सर जुना शर्ट घालून, बादली आणि पाणी लावून घासायचा वॉटर पेपर घेऊन खाली उतरले. पहिलं बेट घासायला घेतलं. कड घासली की ती थोडी मागे सरकायची. मागे सरकलेली घासली की आणखी मागे. अर्ध्या सकाळीत बेटाचा खंड झाला, दोन खंड एकमेकांना जाऊन मिळाले, आणि जेवायची हाक आली तेव्हा सगळं बॉनेट शाळेच्या जुन्या फळ्यासारखं निस्तेज दिसत होतं.

"अहो, हे आधी बरं होतं की," बायको वरून म्हणाली.

"माहितीये मला."

"मग केलंत कशाला?"

आगीतून फुफाट्यात पडलेल्या माणसाला उडी का मारलीस असं विचारण्यात काय अर्थ आहे? खांदे भरून आले होते, कमरेने वेगळी चूल मांडली होती. गाडी अशीच ठेवावी, सासऱ्यांना 'चोरीला गेली' म्हणून सांगावं, असाही एक विचार मनात येऊन गेला. पण ती समोरच उभी होती.

जेवण झाल्यावर बॉनेट पुसून झालं. आता काच, दिवे, बाजूचे पत्रे झाकायला हवे होते.

"अगं, रद्दी दे गं जरा."

"रद्दी कुठली? बाबा यायचेत म्हणून कालच सगळी देऊन टाकली."

"मग काहीतरी दे. कसलाही कागद दे. मला उभं राहवत नाहीये."

बायकोने कपाटावरचा एक गठ्ठा आणून दिला. मुलांच्या अक्षरातले सुटे कागद होते. शिक्षकाच्या घरात असे गठ्ठे धुळीसारखे साचतात; गेल्या वर्षीचे असतील म्हणून सरांनी पाहिलंही नाही. टेपने एकेक कागद लावत गेले. काच झाकली, दिवे झाकले, दोन्ही दारांपर्यंत कागद पोचले.

पहिला हात छान बसला. दुसराही बसला. तिसऱ्याच्या वेळी थांबायचा कंटाळा आला, आणि दुकानदाराने सांगितलं होतं तसा एक ओघळ बॉनेटच्या मधोमध निवांत खाली उतरला. सर त्याच्याकडे बघत राहिले. भांडायचं त्राण नव्हतं.

"सुकू दे," ते वर येऊन म्हणाले. "सकाळी लवकर उठून ओघळ घासतो, पॉलिश करतो, कागद काढतो. बाबा दुपारी येणार ना?"

"हो, दुपारीच."

मुख्याध्यापक माणूस सांगितलेल्या वेळी तपासणीला येत नाही, हे दोघांच्याही लक्षात राहिलं नाही. सकाळी सरांना जाग आली ती बायकोच्या हाकेने. "अहो, उठा! बाबा आलेत. खालीच आहेत. वर यायचं नाव घेत नाहीयेत."

"काय करतायत?"

"काहीतरी लिहितायत. गाडीवर."

सर तसेच जिना उतरले. सासरे काठी गाडीला टेकवून, चष्मा नाकाच्या शेंड्यावर ओढून, डाव्या दाराशी वाकून उभे होते. हातात लाल पेन होतं. काचेवरचे कागद तपासून झाले होते. दिव्यांवरचे झाले होते. प्रत्येकावर ठसठशीत लाल अक्षरांत गुण होते. सरांनी जवळ जाऊन बघितलं. ते गेल्या वर्षीचे कागद नव्हतेच. परवाच्या चाचणीच्या उत्तरपत्रिका होत्या, न तपासलेल्या.

"या, जावईबापू," मान वर न करता सासरे म्हणाले. "प्रश्न आहे, उन्हामुळे खडकाचे थर का सुटतात ते उदाहरणासह लिहा. ऐका हं. 'दिवसा ऊन लागून वरचा थर प्रसरण पावतो, रात्री आकुंचन पावतो व शेवटी सुटून पडतो. उदाहरणार्थ, आमच्या सरांच्या गाडीचे बॉनेट.'"

सरांनी डोळे मिटून घेतले. ज्या गोष्टीवर पांघरूण घालायला कागद लावले, तीच कागदांनी चारचौघांत सांगितली होती.

"ही दुसरी," सासरे पुढे सरकले. "'उदाहरणार्थ, सरांची गाडी. टीप: हा थर नखानेही निघतो. मी काढून पाहिला आहे.' या मुलीने तर आकृती काढलीय. दिवे काढलेत, साल काढलीय, वर सूर्य. भागांना नावं दिलीत. ही कल्पना तुम्ही दिलीत?"

"नाही हो," सर पडेल आवाजात म्हणाले. "वर्गाच्या खिडकीतून गाडी दिसते. बाबा, मी खरंच जपली होती. पण..."

"पुस्तकात हे उदाहरण आहे?"

"नाही."

सासऱ्यांनी पेनाला टोपण लावलं, चष्मा काढला आणि बराच वेळ सदऱ्याच्या टोकाने पुसला. "मी आयुष्यभर उत्तरपत्रिका वाचल्या. सगळ्यांचे खडक पुस्तकातल्या एकाच डोंगरावरचे. खिडकीबाहेर बघून कुणी उत्तर लिहिलेलं मला आठवत नाही." मग एखादी जड वस्तू खाली ठेवावी तसे म्हणाले, "शिकवता चांगलं तुम्ही."

सर पायरीवर बसले. लग्नापासून ज्या शब्दाची वाट पाहिली तो असा तोंडही न धुता ऐकावा लागेल असं त्यांना वाटलं नव्हतं. कमरेचं दुखणं घटकाभर विसरायला झालं.

मग दोघांनी मिळून कागद काढले. सासरे टेप ओढायचे, सर उत्तरपत्रिका फाटू न देता सोडवायचे. ओघळ घासून झाला, फडक्याने पॉलिश झालं. बॉनेट लखलखलं, अगदी नव्या गाडीसारखं नाही, पण ओशाळं वाटू नये इतकं. बायको चहा घेऊन खाली आली आणि तिने आधी गाडीकडे, मग दोघांच्या चेहऱ्यांकडे आळीपाळीने पाहिलं.

सासऱ्यांनी बॉनेटवरून हात फिरवला. एकदा, पुन्हा एकदा. आणि त्यांच्या कपाळावर हळूहळू आठी चढली.

"काय झालं, बाबा? अजून कड लागतेय का?"

"कड कसली लागतेय! एकही नाही," सासरे खिन्नपणे म्हणाले. "आता पुढच्या वर्षीच्या मुलांना दाखवणार काय तुम्ही?"

सासरे काठी टेकत गाडीभोवती फिरू लागले, वाकून वाकून सगळे पत्रे न्याहाळू लागले. मागच्या काचेशी ते थबकले, टाचा उंचावून टपावर बघितलं, आणि त्यांचा चेहरा उजळला. तिथे कोपऱ्यात एक छोटंसं, पांढुरक्या कडेचं बेट नुकतंच वर येत होतं.

सर नकळत वॉटर पेपर घेऊन पुढे झाले. सासऱ्यांनी काठी आडवी धरली.

"टपाला हात लावायचा नाही, जावईबापू. ते शैक्षणिक साहित्य आहे."