आगाश्यांकडच्या मुलाखती

वरद आगाशेची नोकरी जाऊन सात महिने झाले होते आणि कर्वेनगरच्या त्याच्या सोसायटीत हे फक्त तिघांना ठाऊक होतं: तो, त्याची आई आणि वडील. बाकीच्यांना त्याचे वडील दिगंबरराव ठासून सांगत, "तो घरून काम करतो." मुलगा घरीच असतो म्हटल्यावर काय! लिफ्टवाला आला, बोलवा वरदला. टँकर आला, बोलवा वरदला. दिवसातून बारा वेळा बेल वाजायची. नोकरी गेल्यावर माणसाला इतकं काम असतं, हे त्या बिचाऱ्यालाही नवीनच होतं.

अशात ऑनलाइन इंटरव्ह्यूचं बोलावणं आलं. सात महिन्यांतलं पहिलं.

"बाबा, अकरा वाजता आहे. बेल वाजता कामा नये. हेही गेलं ना, तर वेड लागेल मला."

"नाही वाजणार," म्हणत दिगंबरराव पुठ्ठा शोधायला गेले.

खरं लिहावं तर बिंग फुटणार. नुसतंच 'बेल वाजवू नये' लिहावं, तर लोक कारण विचारायला बेल वाजवणार. त्यांनी विचार करून सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'वरद आगाशे आत उमेदवारांच्या मुलाखती घेत आहेत. बेल वाजवू नये.'

वरदच्या आईने, पद्मजाबाईंनी, कपाळाला हात लावला. "अहो, घेत आहेत?"

"मग काय, देत आहेत लिहू? चारचौघांत मान आहे आपल्याला."

वरच्या मजल्यावरच्या बाबुरावांनी पाटीचा फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. फोटो तिथेच थोडाच राहतोय! अकरा वाजून दहा मिनिटांनी जिना इंजिनिअरांनी आणि एमकॉमवाल्यांनी भरला, प्रत्येकाच्या हातात फाइल. बेल मात्र कुणी वाजवली नाही. पाटीवर कडीबद्दल काही लिहिलेलं नव्हतं, म्हणून बाबुरावांनी कडी वाजवली.

"दिगंबरराव! आमच्या चैतालीला आधी घ्या हो! शेजारधर्म आहे की नाही काही?"

आत वरद घामाघूम झाला होता. लॅपटॉपवरच्या एचआर मॅडम, ऋचा, कपाळाला आठ्या घालून म्हणाल्या, "कसला आवाज येतोय?"

"काही नाही मॅडम. तर माझा आधीचा प्रोजेक्ट..."

तेवढ्यात दिगंबररावांनी दार किलकिलं केलं आणि जिन्यावर खेकसले, "गप्प बसा! वरद सगळ्यांच्या मुलाखती घेईल!"

संपलं, वरदला वाटलं. पण ऋचा मॅडम पुढे वाकल्या आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, "सर, तुमच्याकडे भरती चालू आहे? एचआरला आहे का काही? शुक्रवारी माझा इथला शेवटचा दिवस आहे."

"आणि मी ज्या जागेसाठी बोलतोय ती?"

"कसली जागा! भरती दोन महिने बंद आहे. कंपनी जोरात चाललीय असं दिसावं म्हणून रोज पाच इंटरव्ह्यू घ्यायला लावतात."

"हुशार आहेत," मागून दिगंबरराव कौतुकाने म्हणाले.

आता मात्र वरदचं डोकं फिरलं. त्याने लॅपटॉप आपटून मिटला, दार सताड उघडलं. "ऐका! माझ्याकडे एकही नोकरी नाही! माझीच गेलीय, सात महिने झाले! रिकामा बसलोय मी घरी! जा आता सगळे!"

 दिगंबररावांना कुठे बघावं कळेना. बाबुराव चैतालीच्या फाइलकडे बघत बसले. पण खाली कुणीच उतरेना.

शेवटी मागून एक मुलगा पुढे आला. उत्तरेश्वर. लातूरकडचा, शेजारच्या इमारतीत चौघांत खोली घेऊन राहणारा.

"दादा, नोकरी नसली तर नसू द्या. मुलाखत तेवढी घ्या."

"अरे, पण कशासाठी?"

"आई रोज फोनवर विचारती, आज कुठं मुलाखत झाली का म्हणून. दीड वर्ष झालं, झाली झाली म्हणून खोटंच सांगायलोय. आज एक दिवस खरं सांगतो की."

 वरद दारातून बाजूला झाला.

"ये, बस," तो म्हणाला. "सावकाश सांग. मला काही घाई नाही."