उस्मानभाईंचा साधा वर्तमानकाळ

उस्मानभाईंकडे ब्लाऊज शिवायला टाकायचा, तर मापाआधी एक इंग्रजी वाक्य द्यावं लागतं. घरातलं कोण रोज काय करतं ते साध्या वर्तमानकाळात सांगायचं, मगच ते टेप हातात घेतात. भाजीवाल्या मंजुळाबाईंनी तर हात टेकले आणि वाशीमच्या दुसऱ्या टोकाचा शिंपी गाठला. उस्मानभाईंना त्याचं काही नाही. "मी शिकून राह्यलो," एवढंच ते सांगतात.

साठी उलटल्यावर हे खूळ लागलं. मी शाळेत इंग्रजी शिकवते आणि त्यांच्या शेजारी राहते, म्हणजे माझी सुटका नाहीच. दुकान उघडण्याआधी ते माझ्या ओट्यावर हजर होतात. वही नाही. चिंधीवर खडूने वाक्यं लिहून आणतात. ‘ही गोज’, ‘शी ड्रिंक्स’ त्यांना आठवड्यात जमलं, आठवीच्या वर्गाला अजून जमत नाही. मी शाळेत त्यांचं नाव अभिमानाने सांगत असे.

परवा दुपारी वानखडे सरांना भेटायला गेले. सर उस्मानभाईंचे बालमित्र, जन्मभर इंग्रजी शिकवलेले. लकवा झाल्यापासून एक शब्द नाही. बोलता येईल, असं डॉक्टर म्हणतात, पण सर प्रयत्नच करत नाहीत, भिंतीकडे बघत पडून राहतात. उस्मानभाई खाटेशी बसून त्यांच्या सदऱ्याला बटण लावत होते आणि मोठ्याने म्हणत होते, "ही गो टू मार्केट. शी ड्रिंक टी." वाक्यं गिऱ्हाइकांचीच, पण एकूण एक चुकीची.

मी चिडले. बाहेर आल्यावर विचारलं, सकाळी येतं ते दुपारी कुठे जातं?

त्यांनी उरलेला दोरा बोटाला गुंडाळला. "ताई, मी बरोबर बोललो तं तो कायले बोलन? त्यानं जन्मात कोणाची चूक सोडली नाई. नेमकं कुठी चुका लागते, ते समजाले पाह्यजे. म्हणून तं तुमच्याकडं येतो."

माझी मलाच लाज वाटली.

काल ते भर दुपारी, शिवण अर्धवट टाकून दारात आले. सर बोलले का, मी विचारलं. त्यांनी नकारार्थी मान हलवली. पण तिसऱ्या चुकीला सरांनी चांगल्या हाताने खाटेवर बुक्की मारली आणि डोळे वटारून पाहिलं म्हणे.

"ताई, आज त्याले माह्या राग आला," असं म्हणून उस्मानभाई बाहीने डोळे पुसू लागले.