गयामावशींचं आटे पाडायचं मशीन

गल्लीतल्या गयामावशी पहिल्यांदा आमच्या घरी आल्या तेव्हा मी चहा टाकायला आत गेले. कप घेऊन बाहेर आले, तर आमची नवी लोखंडी खुर्ची उलटी, चारी पाय वर, आणि मावशी तिच्याशेजारी फरशीवर मांडी घालून बसलेल्या. हातात पान्हा.

"बसा ना मावशी, वर."

"बसते की. आधी हिचा आटा बघू द्या. मेलाय आटा हिचा, बाई! कोणी पाडला हो? हात मोडला होता का त्याचा?"

मी शाळेत शिकवायचे म्हणून 'बाई'. आणि आटा म्हणजे नटबोल्टला असतात ती वळणं. मावशींच्या कमरेच्या पिशवीत तंबाखू, चुना आणि पान्हा असं सुखानं एकत्र नांदायचं. एका लग्नात त्यांनी ऐन मंगलाष्टकांत भटजींना हाताला धरून बाजूला ओढलं होतं. "इथं उभं राहू नका. खांब ढिला हाय." आणि मंडपवाला सापडेपर्यंत खांब स्वतः धरून उभ्या राहिल्या. माणसंही त्या तशीच पारखायच्या. माझ्या घुम्या नवऱ्याबद्दल त्यांचं मत चांगलं होतं. "साहेबांचा आटा बारीक हाय. बसायला वेळ लागतो, पण बसला की सुटत नाय."

मावशी पाचोडकडच्या. एका दुष्काळात नवऱ्याबरोबर शहरात आल्या. औरंगाबाद तेव्हा चिकलठाण्याच्या अंगानं नुसतं पसरत होतं, आठवड्याला एक शेड उभं राहायचं. अशाच एका लहानशा कारखान्यात मावशी आटे पाडायच्या मशीनवर बसल्या आणि बावीस वर्षं उठल्या नाहीत. मग नवरा गेला, मुलगी वैजापूरला सासरी गेली, शेवटी कारखानाही बंद पडला. पुढं दोन-तीन वर्षांनी भंगाराच्या दुकानात त्यांना त्यांचंच मशीन दिसलं.

"कशावरून तुमचंच?"

"हँडलला चिंधी मीच गुंडाळली होती. माझ्या लुगड्याची."

मशीन हातगाडीवरून आलं. दवाखान्यातून माणूस घरी आणावा तशा मावशी त्याच्या पाठीवर हात ठेवून शेजारून चालत होत्या. बाहेरच्या खोलीत मशीन बसलं आणि मावशींची बाज ओसरीवर गेली.

आठ दिवस त्यांनी घासलेटनं गंज काढला. मग कोपऱ्यावर पंपाच्या जळक्या मोटरींत नवी तार भरून देणारे युसूफभाई आले. मोटर उघडून त्यांनी मान हलवली.

"आपा, ये तो पूरी जल गई. इसको मिट्टी दे दो."

"मिट्टी तुलाच दीन. तार भर."

युसूफभाईंनी तार भरली. मशीन फिरायला लागलं, पण माघारी येईना. एरवी हँडल खाली ओढलं की टॅप, म्हणजे आटे पाडणारी पोलादी काडी, फिरत भोकात शिरते. हँडल सोडलं की उलटी फिरून बाहेर येते. ह्याची काडी आत जायची आणि तिथंच अडकून मोडायची. तिसरी मोडली त्या दिवशी मावशी जेवल्या नाहीत. अखेर युसूफभाईंनी पोटातलं झिजलेलं चामडं शोधलं, चपला शिवणाऱ्याकडून नवं कापून आणलं आणि बसवलं.

"आला! माघारी आला!" मावशी ओरडल्या. कोण आलं म्हणून सगळी गल्ली बाहेर.

त्याच वर्षी पाऊस गेला. नळाला आठव्या दिवशी पाणी, तेही तासभर, आणि गल्लीतले जुने पाइप जागोजाग गळत. मावशींनी लोखंडी पट्ट्या आणवल्या. युसूफभाई भोकं पाडायचे, मावशी आटे. दोन पट्ट्यांत पाइप धरायचा, मधे सायकलच्या ट्यूबचा तुकडा, वरून बोल्ट आवळायचा. एक उन्हाळाभर मावशी घरोघर पाइपाशी उकिडव्या बसलेल्या दिसायच्या. आभार मानायला जावं तर अंगावर यायच्या. "खाली बोट लावा. कोरडं हाय का? मग जावा, चूल बघा."

पुढच्या वर्षी पाऊस झाला. पट्ट्यांचं काम संपलं. तरी दुपारी त्यांच्या घरातून मशीनचा आवाज यायचाच. एकदा वाटी परत द्यायला गेले, तर मशीन रिकामंच फिरत होतं. खाली पट्टी नाही, काही नाही. मावशी हँडल ओढत होत्या, सोडत होत्या, आणि उजवीकडच्या रिकाम्या स्टुलाकडं बघून त्यांचे ओठ हलत होते.

मला पाहून त्यांनी बटण बंद केलं. बराच वेळ पदरानं हात पुसले.

"तिथं सुशीला बसायची, कारखान्यात. येवढ्या आवाजात कायबी बोला, साहेबाला ऐकू जायचं नाय. आम्ही एकमेकींचं तोंड बघून समजायचो. माझं पोरगं गेलं, ते मी घरात कोणापुढं बोलले नाय. तिथं बोलले."

"सुशीलाबाई कुठं असतात आता?"

"गेली. कारखाना बंद झाला त्याच साली." मग हँडलवरची चिंधी उगाच सारखी करत म्हणाल्या, "मशीन बंद असलं की मला बोलताच येत नाय, बाई."

मी वाटी खाली ठेवली आणि स्टुलावर बसले. मावशींनी माझ्याकडं नीट पाहिलं आणि बटण दाबलं.

खोली आवाजानं भरून गेली. मावशी बोलायला लागल्या. मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. मी नुसती त्यांच्या ओठांकडं बघत राहिले. खूप वेळानं एक शब्द कळल्यासारखा वाटला. राजू. थोड्या वेळानं पुन्हा तोच. मी मान हलवली. मावशी बोलत राहिल्या.