साळवे काकांचा कूलर

मे महिन्यात साळवे काकांकडे कुणी जाऊ नये. म्हणजे घरात कूलर आहे, चांगला मोठा आहे, पण त्याचं तोंड माणसांकडे नसतं. ते कॉम्प्युटरकडे असतं. आपण खुर्चीत घामानं निथळत बसायचं आणि वाऱ्याचा मान त्या जुनाट डब्याला.

काका आमचे उस्मानपुऱ्यातले शेजारी, निवृत्त तलाठी. काकू गेल्यापासून एकटेच असतात, मुलगा संदीप बंगळूरला. चहा गाळतानाही मधेच उठतात आणि पोराचा ताप बघावा तसा डब्यावर हात ठेवून येतात. "तापायलाय वो," म्हणतात. "आतला प्रोसेसर लई जुना हाय. टिकंल का नाय, कुणास ठाऊक."

"मग नवा घ्या ना, काका."

"घाई नाय करायची. पुढची पिढी येऊ द्या."

हे त्यांचं पालुपद. पिढी म्हणजे चिपची. एक बाजारात आली की काकांना तिच्या मागून येणारीचे वेध लागतात. गेल्या वर्षी मी लॅपटॉप घेतला, तेव्हा ते दुखवट्याला आल्यासारखे येऊन बसले. "घेतला? जरा इचारायचं तरी राव! आता नव्या चिपमधी एआयला सवतं घर दिलंय. जड कामाला येगळे कोअर, हलक्या कामाला येगळे. बॅटरी दिवसभर हलत नाय." तेव्हापासून माझा नवाकोरा लॅपटॉप मला शिळा वाटतो. आणि हे सांगणारे काका स्वतः कॉम्प्युटरवर पत्त्यांचा डाव मांडतात. बाकी काही नाही.

परवा भर दुपारी त्यांची हाक आली. "अहो, या लवकर! बंद पडला!" मी धावत गेलो. स्क्रीन काळी, आणि काका घामाघूम होऊन डब्याला धरून उभे. मला कॉम्प्युटरपेक्षा त्यांचीच काळजी वाटली.

"जाऊ द्या काका. तुमचा संदीप बंगळूरला चिपच्याच कंपनीत आहे. त्याला फोन लावतो, नवा पाठवून देईल."

त्यांनी माझा हात घट्ट धरला. "नगा लावू. हात जोडतो तुम्हाला."

खाली बसत ते म्हणाले, "नवी चिप निघाली की त्यो फोन करतोय. 'बाबा, आता ही घ्या,' म्हणतो. मी इचारतो, त्यो समजावतो. घंटाभर बोलतो. एरवी त्याला कामातून सवड नाय. एकदा का घेतला, की मंग त्यो कशापायी फोन करंल?"

मी फोन खिशात ठेवला. मग टेबलाखाली वाकून वायरी चाचपल्या. कूलर आणखी जवळ सरकवताना काकांच्याच हातून कॉम्प्युटरचा प्लग ओढला गेला होता. तो खोचला, बटण दाबलं, डबा घरघरला. काकांनी डोळे पुसले आणि त्याच्यावर हात ठेवला.

त्या गडबडीत कूलर फिरला होता. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याचा गार वारा माझ्या अंगावर येत होता आणि फार बरं वाटत होतं.

मी उठलो आणि त्याचं तोंड पुन्हा कॉम्प्युटरकडे करून दिलं.