व्याह्यांच्या कवळ्या

घर सांभाळायला काय मोठी अक्कल लागते हो? हे मी बायकोला ऐकवलं, तेही ती ऑफिसच्या प्रशिक्षणाला जायची बॅग भरत असताना. आता आठवलं तरी दमायला होतं!

घरात माझे बाबा, आणि स्वतःच्या घराची डागडुजी निघाल्यामुळे आमच्याकडे राहायला आलेले सासरे, म्हणजे अण्णा. दोघांनाही खालची कवळी. शिवाय अण्णांना मधुमेह.

“कवळ्या वेगवेगळ्या धू,” बायको दारातून म्हणाली. “आणि अण्णा जेवतात का ते बघ. नुसती गोळी घेऊन बसतील.”

“अगं, तू जा निवांत! आल्यावर दोघांना ओळखणार नाहीस!”

पहिल्याच संध्याकाळी भांडी, कपडे, ऑफिसच्या फायली... जीव मेटाकुटीला आला. म्हटलं, दोन कवळ्यांसाठी दोनदा कोण खपणार? दोन्ही एकाच भांड्यात टाकल्या, खसाखसा घासल्या आणि मग हातात घेऊन बघतच बसलो. दोन्ही गुलाबी, दोन्ही हसऱ्या! शेवटी डोकं चालवलं. बाबा दिवसभर बोलतात, म्हणजे मोठी ती त्यांचीच!

दुसऱ्या दिवशी घरात चमत्कार झाला. शांतता! एरवी हे दोघे पेपरच्या पहिल्या पानापासून भांडायला लागतात ते शब्दकोड्यापर्यंत. आज नुसतं “हूं” आणि “ऊं”. मी सुखावलो. दुपारी दोघांनीही ताटं तशीच पुढे सरकवली, तेव्हा मात्र वाटलं, यांचं काहीतरी बिनसलंय.

“बाबा, अण्णांशी काही वाजलं का?”

बाबांनी नुसतीच मान हलवली.

“अण्णा, बाबा काही लागट बोलले का?”

अण्णांनी जबड्यावर हात धरून मान हलवली. जबड्यावर हात! अरे देवा, प्रकरण हातघाईवर गेलं की काय?

मी अर्धी रजा टाकली. समेट घडवायचाच! बुद्धिबळाचा पट मांडला, दोघांना समोरासमोर बसवलं, सफरचंदं कापून मधे ठेवली. दोघांनी त्या फोडींकडे असं पाहिलं, जसं काही मी बशीत विटा वाढल्या होत्या. डाव अर्ध्यावर टाकून दोघे आपापल्या पलंगावर जाऊन पडले आणि बशी मीच संपवली.

त्याच्या पुढच्या सकाळी बाबांचा कान ठणकायला लागला. अण्णांच्या पोटात जळजळ. कानाला शेक दे, पोटाला औषध दे, मधेच साहेबांचा फोन घे! मी पार पिळून निघालो होतो, तेवढ्यात अण्णा खुर्चीतून उठले आणि घामाने डबडबून पुन्हा मटकन खाली बसले.

“चक्कर,” एवढंच म्हणाले.

बायकोचे वडील, माझ्या भरवशावर ठेवलेले! यांना काही झालं तर तिला काय सांगू? घाबरून मी दोघांनाही गाडीत घातलं आणि दवाखाना गाठला.

“डॉक्टर, यांचं हृदय बघा! मेंदू बघा! आणि आमच्या बाबांचा कान बघा!”

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे दुर्लक्ष करून आधी अण्णांची साखर तपासली, लगेच ग्लासभर साखरपाणी पाजलं. मग हृदयाचा आलेख काढला. तो अगदी व्यवस्थित.

“शेवटचं पोटभर कधी जेवले हे?”

“परवा... बहुतेक.”

“बहुतेक?” त्या अण्णांकडे वळल्या. “आ करा बरं. अरे बाप रे! आता तुम्ही आ करा, काका.”

दोघांच्याही हिरड्या सोलवटून लाल झालेल्या. बाईंनी दोन्ही कवळ्या काढायला लावल्या, धुतल्या आणि अदलाबदल करून बसवून पाहिल्या. दोन्ही चपखल बसल्या!

“अहो साहेब,” त्या मला म्हणाल्या, “तोंड सोललं म्हणून जेवण बंद. जेवण बंद आणि गोळी चालू, म्हणून साखर उतरली. जे दोन घास गेले ते न चावता गिळले म्हणून पोटात जळजळ, जबडा वाकडा पडला म्हणून कान. तोंडाचं दुखणं तोंडात बसून राहत नाही, आणि तुम्ही मेंदू शोधताय!”

मी दोघांवर उखडलो. “तुम्हाला कळत नव्हतं? सांगायचं नाही का?”

अण्णा आता जरा सावरले होते. “पहिल्या घासालाच कळलं, जावईबापू. पण मुलीच्या घरी राहायचं आणि जावयाच्या कामाला नावं ठेवायची? तीही व्याह्यांसमोर?”

“आणि मी काय यांच्यासमोर सांगू,” बाबा करवादले, “की आमच्या चिरंजीवांना दोन कवळ्या धुता येत नाहीत?”

मला तिथल्या तिथे जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. माझी अब्रू राखायला दोन म्हातारी माणसं उपाशी राहिली होती!

संध्याकाळी दोघे मऊ भात जेवले आणि शब्दकोड्यावरून कडकडून भांडले. मला भरून आलं. अस्तन्या वर सारत म्हणालो, “द्या इकडे, आज अगदी वेगवेगळ्या धुतो!”

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच दोघा व्याह्यांचं एकमत झालं असावं. आपापली कवळी मुठीत धरून ते जोडीने न्हाणीघरात गेले आणि आतून कडी लावून घेतली!