गुरुवारच्या सभेतला रस्सा

दत्तोबा बोलायला उभा राहिला की सभा चालवणारे दिग्विजय सर घड्याळाकडे बघू लागत. दारू सोडलेल्या माणसांची ही सभा बारामतीत दर गुरुवारी संध्याकाळी एका शाळेच्या मागच्या खोलीत भरे. बोलायला प्रत्येकाला पाच मिनिटं. बाकीचे लोक दीड मिनिटात रडून खाली बसत. दत्तोबाला नुसती चूल पेटवायलाच पाच मिनिटं लागत.

"तर मंडळी, गंगारामच्या आन् आमच्या डाळिंबाचा ट्रक गेला त्या दिवशी," तो सुरू करी, "कॅनॉलच्या कडंला करंजाच्या सावलीत आमी चूल मांडली. गावठी कोंबडा! गंगाराम म्हणला, मसाला वाटलेलाच पायजे. दगडावर वाटला राव त्यानं! त्यो वास पार पलीकडच्या रानात..."

खरं सांगायचं तर दत्तोबाला दारूची आठवण फारशी येत नसे. आठवण यायची ती गंगारामची. लहानपणापासूनचा सोबती, पिण्यापायीच दोन वर्षांपूर्वी गेला. त्या धक्क्यानं दत्तोबा सोडायचं म्हणू लागला, तेव्हा लेकीनं, वृषालीनं, मोबाइलवर शोधून या सभेचा पत्ता दिला. पण शेळगावहून येऊन पहिले दोन गुरुवार तो बारामतीत नुसताच फिरला. असला पत्ता विचारायचा कुणाला? शेवटी जिथं लाज वाटणार नाही अशा एकाच ओळखीच्या जागी त्यानं विचारलं. दारूच्या दुकानदारानं काउंटरवरूनच हात लांब केला.

"शाळेच्या मागं जावा. आमची लई गिऱ्हाइकं तिकडंच गेल्यात."

तर गोष्ट रंगत गेली तशी भानगडही वाढत गेली. आधी लोक खुर्च्या पुढे ओढू लागले. मग एकानं खोबरं भाजून घातलं होतं का, असं विचारलं. पुढच्या आठवड्यात वडगाव निंबाळकरचे दोन गृहस्थ आले, तेही रस्सा ऐकायलाच. आणि एका गुरुवारी, गोष्टीत पहिला ग्लास भरला गेला आणि कऱ्हाटीचा सुयोग उठून बाहेर पडला. त्याला दारू सोडून अवघे नऊ दिवस झाले होते. दत्तोबा मागोमाग धावला. पोरगा त्याच दुकानासमोर उभा होता.

"काय रं, हितं काय करतुयास?"

"काका, तुमी लई गोड सांगता," सुयोग रडकुंडीला येऊन म्हणाला. "नऊ दिवस झालं आईला झोप लागाय लागलीया. आन् मी हितं कसा आलो, मलाच कळलं न्हाय."

दत्तोबानं त्याचा दंड धरून त्याला परत आणलं. आपल्या गोष्टीनं एक पोरगं वाया जात होतं, हे त्यानं सरांपुढे स्वतःच कबूल केलं.

"पुढच्या गुरुवारी तुमचं वर्ष पूर्ण होतंय," दिग्विजय सर म्हणाले. "घरच्यांना घेऊन या. पण बोलायचं वहिनींनी. तुम्ही नाही."

"बना? तिला चार माणसांत बोलाय येत न्हाय, सर."

"तेच बरं."

पुढच्या गुरुवारी बनाबाई डोक्यावरचा पदर सारखा करत उभी राहिली.

"गंगारामभावजींचा रस्सा खरंच झ्याक व्हता. मला ठावं हाय, भांडी मीच घासली." खोली हसली. "पर ह्यांची गोष्ट रस्सा संपला की संपती. फुडचं मी सांगते. ट्रक गेला की लेकीला सायकल आणायची, असं ठरलं व्हतं. पोर सकाळधरनं शाळेचा ड्रेस घालून बसली. दुपारी आमी दोघी कॅनॉलवर गेलो, तर दोघं बी आडवं! वैरणीच्या हातगाड्यावर घातलं दोघांला. ह्यांचं पाय बाहेर लोंबत्यात, आन् भावजी पडल्या पडल्या गौळण म्हणत्यात."

लोक हसून हसून बेजार झाले. दत्तोबाही हसला.

"बारा वर्सांची पोर, फुडनं गाडा वढत व्हती. वाटंत कुणी इचारलं, काय झालं गं? तर म्हणायची, आबांना ऊन लागलंय." बनाबाईनं पदर पुन्हा सारखा केला. "पौष महिना व्हता."

कुणी हसलं नाही. दत्तोबाला द्यायचं वर्षपूर्तीचं पदक सरांच्या हातातच राहिलं. सुयोगनं नाक ओढलं आणि विचारलं, "मावशी, फुडच्या गुरुवारी येणार न्हवं?"

परतीच्या एसटीत दत्तोबानं बनाबाईला खिडकीची जागा दिली. मग म्हणाला, "पोरीनं कधी बोलून दाखवलं न्हाय."

"तिनं कुणालाच सांगितलं न्हाय. तुमाला वाईट वाटंल म्हणून."

दत्तोबानं डोळे पुसले. लाजही वाटली आणि गंगारामची आठवणही आली, दोन्ही एकदमच.

"आनखी हाय?"

"हाय की. पंधरा वर्सांचं हाय."

"सांग."

"आवो, शेळगावपत्तुर पुरायचं न्हाय ते."

तेवढ्यात कंडक्टर आला. दर गुरुवारचा ओळखीचा. "दोन शेळगाव ना आबा?"

"न्हाय," दत्तोबा म्हणाला. "इंदापूर. एक फुल, एक हाफ."

शेळगाव आलं आणि मागंही पडलं. बनाबाई सांगत होती. आणि दत्तोबा जन्मात पहिल्यांदाच मध्ये एक शब्दही न बोलता ऐकत होता.