डावीकडून पाचवी

लोकशाहीत नागरिकाची कर्तव्यं दोन. पाच वर्षांतून एक दिवस मत द्यायचं आणि उरलेले एक हजार आठशे पंचवीस दिवस निवेदन द्यायचं. मत गुप्त असतं, त्यामुळे त्याचा फोटो काढता येत नाही. निवेदनाचा काढता येतो. म्हणून आपल्याकडे निवेदनाला मान जास्त.

हे कय्यूमइतकं कोणाला ठाऊक नव्हतं. डोणगावच्या बस थांब्यासमोर त्याचं टायपिंग आणि झेरॉक्सचं दुकान. चौदा वर्षांत त्यानं अकराशे बारा निवेदनं टाइप केली. त्यांपैकी एक हजार नव्वद देऊन झाली आणि बावीस फोटोग्राफर न आल्यामुळे दिलीच गेली नाहीत. मागण्या किती पुऱ्या झाल्या, हे त्याला कोणी विचारलं नव्हतं, त्यामुळे त्यानंही मोजलं नव्हतं.

निवेदनाचं एक शास्त्र आहे. कागद एकच असला तरी त्याला सगळ्यांचा हात लागावा लागतो. ज्याचा हात पोचत नाही त्यानं पुढच्याच्या खांद्यावर ठेवावा. तो कागदाला लागला असं धरतात. घेणाऱ्यानं कागदाकडे बघायचं नसतं आणि देणाऱ्यानं घेणाऱ्याकडे, सगळ्यांनी कॅमेऱ्याकडे बघायचं. पेपरची बातमी आदल्या दिवशीच टाइप करून ठेवायची, कारण ‘साहेबांनी सकारात्मक प्रतिसाद दिला’ हे वाक्य साहेब भेटण्याआधीही तितकंच खरं असतं.

गेल्या उन्हाळ्यात कय्यूमवर स्वतःच्याच गावासाठी निवेदन लिहायची पाळी आली. गावातल्या सार्वजनिक विहिरीवर विजेचा पंप आहे. वीज असली की तो चालतो, आणि वीज होती हे ती गेल्यावर कळतं. त्यामुळे बायका दोर-बादलीनं पाणी शेंदतात. त्यांत कय्यूमची आई इमामबी, वय सदुसष्ट. तिचा उजवा खांदा धरला होता. डॉक्टरांनी पाणी शेंदायला सक्त मनाई केली होती (घरातल्या माठाला तसं कळवलं नव्हतं). कय्यूम सकाळी दोन बादल्या ओढून दुकानाकडे पळायचा, बाकीच्या ती ओढायची. त्याला ते खुपायचं. पण लोकांची निवेदनं खोळंबून चालणार नव्हती.

मागणी एवढीच, की पंप सौरऊर्जेवर चालवा. ऊन तिथे मुबलक आहे आणि उन्हाचं भारनियमन अजून सुरू झालेलं नाही. पण इतक्या साध्या मागणीला नुसते गावकरी पुरत नाहीत. म्हणून गावपुढारी उकंडरावांनी ‘स्वच्छ ऊर्जा व वसुंधरा रक्षण समिती’ काढली. उकंडरावांच्या मळ्यात सौरपंप केव्हाच बसला होता, तेव्हा अध्यक्षपद अनुभवी माणसाकडे गेलं असंच म्हणायला हवं. पहिली बैठक लेटरहेडचा हिरवा रंग फिका घ्यावा की गडद, यावर पार पडली. विमलबाईंना महिला आघाडी मिळाली. भाऊराव सल्लागार झाले (सल्ला नव्हता, जीप होती). इमामबीला ‘पीडित’ या पदावर घेण्यात आलं. तिनं सोबत पाण्याचा गुंड आणावा, पण रिकामा आणावा, भरलेल्या गुंडानं फोटोत गैरसमज होतो, अशी तिला सूचना मिळाली.

मग नऊ जण दोन डिझेलच्या जीपांतून स्वच्छ ऊर्जा मागायला बुलढाण्याला, दौऱ्यावर आलेल्या मंत्रीसाहेबांकडे गेले. विश्रामगृहाबाहेर दीड तास थांबावं लागलं. तेवढा वेळ दोन्ही जीपा एसीसाठी सुरूच ठेवल्या होत्या, कारण वसुंधरा रक्षण करणाऱ्यांना उकडत होतं.

साहेब आले. नऊ हात कागदाला लागले, म्हणजे पाच कागदाला आणि चार खांद्यांना. फोटोग्राफरनं तीनदा द्यायला लावलं, साहेबांनी तीनदा घेतलं. तिसऱ्या खेपेला इमामबी, कोणी सांगितलेलं नसताना, बोलली.

“साहेब, कागद वाचून तं पाहा.”

साहेबांनी हात जोडले. “मावशी, तुम्ही आणलं म्हणजे मी वाचलंच समजा.”

साहेबांच्या या साधेपणावर परतीच्या वाटेत मेहकर येईपर्यंत चर्चा झाली.

दुकानात येऊन कय्यूमनं प्लॅस्टिकचं फोल्डर उघडलं तर निवेदन आत जसंच्या तसं. साहेबांच्या हाती गेली होती ती पेपरसाठी केलेली बातमी. तीत लिहिलं होतं, ‘विविध मागण्यांचे निवेदन देताना डावीकडून उकंडराव, विमलबाई, भाऊराव’, असं करत नऊ नावं. पाचवी इमामबी. विहिरीचा उल्लेख नव्हता, कारण बातमीत जागा कमी असते आणि नावं जास्त असतात.

तो धावत उकंडरावांकडे गेला. उकंडराव मोबाईलवर तोच फोटो बोटांनी मोठा करून बघत होते.

“फोटो चांगला आला ना? मंग कागदाचं काऊन घिऊन बसला बे?”

शिवाय त्यांनी एक बिनतोड मुद्दा मांडला. दुसरा कागद घेऊन गेलं, तर पहिला साहेबांनी वाचलाच नाही असा अर्थ निघेल, आणि माणूस दुखावेल. कय्यूम माघारी फिरला. घरी अम्मीला त्यानं यातलं काही सांगितलं नाही.

इकडे बातमी शासकीय प्रवासाला निघाली. साहेबांच्या कार्यालयानं वर ‘योग्य त्या कार्यवाहीस्तव’ लिहून ती पुढे पाठवली. सात कार्यालयं, अकरा शिक्के, त्रेपन्न दिवस. प्रत्येक टेबलावर ‘अवलोकन केले’ असा शेरा पडला. (अवलोकन म्हणजे कागद आपल्याकडे आहे हे पाहणं. वाचनाचं खातं वेगळं असावं.) शेवटी ती गावच्या ग्रामसेविका सुचिताबाईंकडे उतरली. आदेश होता, ‘निवेदनात नमूद बाबीची प्रत्यक्ष पाहणी करून अहवाल सादर करावा.’

सुचिताबाई नोकरीत नव्या होत्या, म्हणून त्यांनी कागद वाचला. नमूद बाब एकच होती. नऊ माणसं डावीकडून अमुक क्रमानं उभी आहेत. त्यांनी तिन्हीत्रिकाळ विचार केला, वरच्या कार्यालयाला फोनही लावला. आदेशाप्रमाणे करा, असं उत्तर आलं. तेव्हा त्यांनी नऊही जणांना विहिरीजवळ बोलावलं. भाऊराव देऊळगाव राजाला लेकीकडे गेले होते, त्यांना बोलावून घेतलं. इमामबी पाणी शेंदत होती. तिनं बादली अर्ध्यावरून वर घेतली आणि येऊन पाचव्या जागी उभी राहिली. सुचिताबाईंनी नावं घेत टिक केली, पंचनामा झाला, दोन साक्षीदारांनी सह्या दिल्या. अहवालात लिहिलं, ‘नमूद बाब वस्तुस्थितीशी तंतोतंत जुळते. सबब विषय निकाली काढण्यास हरकत नाही.’

“बाई, पाण्याचं काय झालं?” इमामबीनं विचारलं.

“मावशी, कागदात पाणी नाहीच आहे,” सुचिताबाई खाली बघत म्हणाल्या. त्यांना वाईट वाटलं होतं, पण पंचनाम्यात त्याचा रकाना नव्हता.

त्या दिवशी कय्यूमनं आईला खरं काय ते सांगितलं. मूळ निवेदन काढून तिच्यापुढे वाचलं. दोन पानं. जागतिक तापमानवाढ होती, भावी पिढ्या होत्या, शाश्वत विकास होता, साहेबांच्या गतिमान नेतृत्वावर सात ओळी होत्या. इमामबीनं खांदा शेकत सगळं ऐकून घेतलं.

“चांगलं लिहलं बेटा. पण याच्यात आपली विहीर कुठी हाये?”

कय्यूमनं शोधली. ‘ग्रामीण भागातील पथदिवे, शासकीय इमारती इत्यादी सौरऊर्जेवर आणावेत.’ विहीर ‘इत्यादी’मध्ये होती. अकराशे बारा निवेदनं लिहिणाऱ्या माणसाला पहिल्यांदाच आपल्या कामाची लाज वाटली, आणि ती आईसमोर वाटली.

मग त्यानं तीन ओळी लिहिल्या. विहीर कोणती, पंपाला काय हवं, आणि ते होईपर्यंत पाणी कोण शेंदतंय. इमामबीनं डाव्या हाताचा अंगठा दिला, उजवा वर होत नव्हता. सुचिताबाईंनी शब्द दिला, की पंचवीस सह्या आणा, हा कागद मी स्वतः घेऊन जाते आणि साहेबांना समोर बसून वाचायला लावते.

कागद दोन महिने दुकानाच्या काउंटरवर आहे. लोक येतात, वाचतात, छान लिहिलंय म्हणतात, शिष्टमंडळ कधी निघणार ते विचारतात. शिष्टमंडळ नाही, फोटोही नाही, नुसती सही आहे, असं कळलं की त्यांना एकदम एसटी सुटायची आठवण होते. उकंडरावांना मजकूर तत्त्वतः मान्य आहे. सह्या आजवर दोन, अंगठा धरून.

आपल्या विहिरीवर कोणीतरी गोष्ट लिहिली आहे, शिकलेली माणसं ती वाचणार आहेत, असं कय्यूमनं परवा आईला सांगितलं. ती दोर गुंडाळत होती.

“वाचून काय करतीन ते?”

“हसतीन,” कय्यूम म्हणाला.

इमामबीनं बादली उचलली आणि ती विहिरीकडे गेली. तुमचं हसून झालं असेल तर सह्या अजून तेवीस कमी आहेत.